प्लग बदलले तरी चार-सहा महिन्यांत पुन्हा मिसिंग: दोष प्लगचा की आणखी कशाचा?

तक्रार साधारण अशी असते. सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटं इंजिन लंगडतं, मग सावरतं. काही आठवड्यांनी उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरायला लागतं. पुढे चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की बारीक झटके. यालाच मिसिंग म्हणतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकतं. स्पार्क प्लग (ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारे) गेले असं कुणीतरी सांगतं, आपण बदलतो, गाडी मऊ पळायला लागते. आणि चार-सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या गाडीचं हे तीनदा झालं. पहिल्या दोन वेळा जुने प्लग काढले आणि सरळ कचऱ्यात टाकले. तिसऱ्या वेळी तीन नंबरचा प्लग सहज उजेडात धरला, तर पांढऱ्या सिरॅमिकवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी काळी बारीक रेघ. कॉइलच्या (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाच्या) रबरी बूटमध्ये, म्हणजे प्लगवर चढणाऱ्या टोपणात, टॉर्च मारून पाहिलं, तिथेही तश्शीच रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाला पडायची सोडून बाहेरच्या बाहेर, सिरॅमिकवरून सरकत इंजिनच्या धातूत उतरत होती. प्लग ज्या खड्ड्यात बसतो तिथे टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) सीलमधून थोडं थोडं ऑइल झिरपत होतं, त्याने रबर फुगून मऊ झालं होतं. आणि मी दर वेळी नवाकोरा प्लग त्याच खराब बूटमध्ये खोचत होतो.

मग नवा प्लग टाकल्यावर काही महिने गाडी बरी का चालायची? कारण नव्या प्लगचा गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर) कमी असतो, कडा धारदार असतात, त्यामुळे ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. कमी व्होल्टेजवर दुबळी कॉइल, तडकलेलं रबर, जुनी वायर, सगळे कसेबसे निभावून नेतात. प्लग झिजत गेला, व्होल्टेजची गरज वाढली, की मूळ दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. म्हणजे प्लग बदलून गाडी सुधारली, एवढ्यावरून प्लगच खराब होता हे सिद्ध होत नाही.

आधी बघा, प्लगचं वय झालंय का

साधा निकेलचा प्लग, ज्याला बहुतेक जण कॉपर प्लग म्हणतात (तांबं आतल्या गाभ्यात असतं, टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं), साधारण २०,००० ते ४०,००० किलोमीटर चालतो. प्लॅटिनम आणि इरिडियम त्याच्या दुप्पट-तिप्पट, बऱ्याच गाड्यांत एक लाखाच्या आसपास. तुमच्या इंजिनचा खरा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच धरायचा. डिझेल गाडीवाल्यांनी इथेच थांबावं. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, त्यातला ग्लो प्लग हा वेगळा प्रकार आहे.

किलोमीटर ऐकायला खूप वाटतात, पण प्लगच्या बाजूने हिशेब करून बघा. ताशी ६० च्या वेगाला इंजिन २००० आरपीएमवर फिरत असेल, तर एका किलोमीटरला २००० फेरे होतात. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे किलोमीटरला हजार. ३०,००० किलोमीटरमध्ये एकेका प्लगने तीन कोटी ठिणग्या टाकलेल्या असतात. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू उडवते. मधला इलेक्ट्रोड गोल गुळगुळीत होतो, गॅप वाढतो. इरिडियम टिकतं ते याच कारणाने. त्याचा वितळणबिंदू २४०० अंशांच्या वर, निकेलचा १४५५.

ठरलेलं अंतर चालून, चारही प्लग सारखे झिजलेले, रंग सारखा फिकट तपकिरी किंवा राखाडी, तर तपास संपला. चार नवे टाका आणि गाडी चालवा. पण ३०,००० चा प्लग ८,००० वर रुसत असेल, किंवा चारातला एकच वेगळा दिसत असेल, तर प्लग स्वतःहून गेलेला नाही. त्याला काहीतरी मारतंय.

कोणता सिलिंडर?

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर काम सोपं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असं पुढे. पी०३०० म्हणजे कुठला एक सांगता येत नाही, इकडे-तिकडे होतंय. कोड पुसायच्या आधी कुठेतरी लिहून ठेवा, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो. आणि पहिला सिलिंडर कोणत्या टोकाचा हे पुस्तिकेत बघा, अंदाजाने मोजू नका.

एक गोष्ट ठळक सांगतो: चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी घरी नेता येते, पण तो लुकलुकत असेल तर पाय लगेच सैल करा आणि जमेल तिथे थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो आतून वितळू शकतो. चार प्लगच्या आळसापायी तो गमावणं फार महागात पडतं.

कोड एका सिलिंडरचा असेल तर अदलाबदल करायची. समजा दुसरा सिलिंडर चुकतोय. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लग तिथल्या तिथे राहू द्या. कोड पुसा, गाडी चढावर फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर किंवा तिच्या बूटबरोबर सरकला. तरीही पी०३०२ च आला तर आता प्लगांची अदलाबदल. त्यानेही हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळायचं. एका वेळी एकच वस्तू हलवायची. घाईत कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर गाडी बरी होईलही, पण कशाने ते कळणार नाही आणि चार महिन्यांनी पुन्हा इथेच याल.

स्कॅनर नसेल तर जुनी पद्धत आहे. इंजिन बंद करून एका कॉइलचा कनेक्टर काढा, इंजिन सुरू करा, ऐका, बंद करा, परत जोडा, मग पुढची कॉइल. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढूनही इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद पुरे. चालू इंजिनवर प्लगची वायर ओढून काढायची जुनी सवय मात्र सोडा. हजारो व्होल्टचा झटका तर बसतोच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइलही मरते.

काढलेले प्लग टाकू नका, ओळीत मांडा

जुन्या पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहा आणि ज्या सिलिंडरचा प्लग त्याच आकड्यावर ठेवा. खरी माहिती इथे मिळते.

सुकी, मखमली काळी काजळी, बोटाला लागणारी: पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग पुरेसा तापत नाहीये. चारही असे असतील तर तुंबलेला एअर फिल्टर, बिघडलेला सेन्सर, किंवा सतत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांवर गेलं की काजळी आपोआप जळून जाते. जी गाडी इंजिन तापायच्या आत बंद होते तिचे प्लग तिथवर पोहोचतच नाहीत. अशा गाडीला नवे प्लग टाकण्याआधी महामार्गावर अर्धा तास नीट पळवून बघा, कधी कधी तेवढ्यानेच मिसिंग जातं.

ओला, चकचकीत काळा, ऑइलचा वास: सिलिंडरच्या आत ऑइल येतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील. इथे प्लग कितीही बदला, पुन्हा तसाच होणार. मात्र ऑइल प्लगच्या आट्यांवर आणि वरच्या सिरॅमिकवर असेल आणि टोक कोरडं असेल, तर ते वरून, टॅपेट कव्हरच्या सीलमधून आलंय. हा फरक नीट बघा. पहिल्यात इंजिन उघडायची पाळी येऊ शकते, दुसऱ्यात एका सीलवर भागतं. ही दोन्ही ऑइलं एकच समजून माणसं उगाच घाबरतात.

पांढरंफटक, फोड आलेलं, टोक वितळल्यासारखं: अति उष्णता. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर काढायच्या क्षमतेचा) प्लग, कूलिंगमधला बिघाड, किंवा प्लग सैल राहिलेला. प्लगची बरीचशी उष्णता आट्यांवाटे आणि बैठकीवाटे हेडमध्ये (सिलिंडरच्या डोक्यावरच्या धातूच्या भागात) उतरते. सैल प्लगला ती वाटच नसते. टोक ८५०-९०० अंशांच्या पलीकडे गेलं की ठिणगी पडायच्या आधीच ते मिश्रण पेटवू लागतं, आणि तसं फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं. असा प्लग दिसला तर कारण सापडेपर्यंत गाडीला ताण देऊ नका.

एकच प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा, आणि कूलंटची पातळी हळूहळू उतरतेय: हेड गॅस्केट तपासा. थंड गाडी सुरू करताना पहिलं मिनिटभर मिसिंग आणि मागून पांढरा धूर, हे त्याच्या जोडीने येतं.

आतल्या सिरॅमिक नाकाला तडा: इंजिन ठोकत (नॉकिंग करत) असणार, किंवा गॅप करताना कुणीतरी मधल्या इलेक्ट्रोडवर जोर दिला असणार.

सिरॅमिकवर उभी काळी रेघ: माझी गोष्ट वर सांगितली तीच. प्लग आणि बूट दोन्ही बदला. रेघ पुसून काही होत नाही, ठिणगीला एकदा वाट सापडली की ती तिथूनच जाते. आणि सिरॅमिक जिथे धातूच्या षटकोनात शिरतं तिथे तपकिरी कडं दिसलं तर त्याला भिऊ नका. ते उच्च व्होल्टेजमुळे ओढल्या गेलेल्या ऑइलच्या कणांचं असतं. प्लग गळतोय असं सांगून त्यावर कुणी बदलायला लावलं तर नम्रपणे नाही म्हणा.

नवा प्लग निवडताना

तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत: आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि हीट रेंज. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला लागू शकतो, कमी झाली तर ठिणगी खोलगटात पडते आणि हेडच्या उघड्या आट्यांवर कार्बन बसतो.

हीट रेंजच्या आकड्यात एक गंमत आहे आणि त्यात भले भले फसतात. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर काढणारा. बॉशमध्ये नेमकं उलटं, मोठा आकडा म्हणजे ‘गरम’. त्यामुळे एका कंपनीचा आकडा डोक्यात धरून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नका, बदली प्लगचा तक्ता बघा. आणि गाडी जास्त पळेल या आशेने एक नंबर थंड प्लग टाकण्यात साध्या गाडीला काही मिळत नाही, उलट काजळी धरते.

इरिडियममुळे पिकअप वाढतो का? चांगल्या अवस्थेतल्या इंजिनात फरक जाणवेल असं मला वाटत नाही. फायदा आहे तो टिकण्याचा, आणि बारीक टोकामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते त्याचा. जिथे प्लगपर्यंत पोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्डच काढावा लागतो, अशा इंजिनात स्वस्त प्लग टाकणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा. एक अपवाद लक्षात ठेवा: काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडर सांभाळते. तिथे एका प्लगमध्ये ठिणगी उलट दिशेने उडते आणि झीज बाजूच्या इलेक्ट्रोडची होते. अशा इंजिनात फक्त मधल्या टोकाला प्लॅटिनम असलेला प्लग पुरत नाही, दोन्हीकडे लागतो.

सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गॅसवर झटके आणि पेट्रोलवर गाडी साफ, हे प्लग किंवा कॉइल दमल्याचं फार लवकर मिळणारं लक्षण आहे. गॅसच्या किटला दोष द्यायच्या आधी इकडे बघा.

गॅप बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नवा प्लग ‘आधीच सेट केलेला’ असला तरी तारेच्या गेजने एकदा मोजा, प्रवासात खोका आपटलेला असतो. बदलायचा झाला तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलवायचा. मधल्या टोकाला टेकू देऊन उचकटायचं नाही, इरिडियमचं टोक तर तेवढ्याने तुटतं. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. वरून दिसत नाही, पण आत तडा गेलेला असू शकतो.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोलून निघायची भीती असते. इग्निशन बंद, चावी खिशात. कॉइलचा बोल्ट काढा, कॉइल आधी थोडी गोल फिरवून सैल करा, मग वर ओढा. नुसती खेचली तर रबर तुटून खालीच राहतं.

प्लग हलवण्याआधी खड्ड्यात हवा मारा. तिथली वाळू आणि कचरा प्लग निघताक्षणी सिलिंडरमध्ये पडतो. मग आतून रबर किंवा चुंबक असलेलं प्लगचं सॉकेट, बहुतेक १६ किंवा १४ मिलिमीटर, जुन्या गाड्यांत २१. काढताना फार जड लागला तर हिसका देऊ नका. थोडं भेदक तेल सोडा, थांबा, अर्धा फेरा उलट, पाव फेरा सुलट, असं करत काढा.

नवा प्लग आधी पान्याशिवाय. सॉकेट आणि एक्स्टेंशन नुसत्या बोटांनी फिरवा, किंवा प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्याने. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, हेड वाचतं. पहिले काही फेरे सहज जायलाच हवेत. अडलं तर काढा आणि पुन्हा लावा, रॅचेटने पुढे रेटू नका.

आवळण्यासाठी टॉर्क पाना हवा. वॉशरवाला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये: १४ मिलिमीटर आट्यांना साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ ला १५ ते २०, १० ला फक्त १० ते १२. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो घ्या. टॉर्क पाना नसेल तर बोटांनी पूर्ण टेकल्यावर, नवा वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीच्या, वॉशर नसलेल्या प्लगला मात्र फेऱ्याचा सोळावा भाग पुरे. इथे ‘अजून थोडं घट्ट’ करणाऱ्या हातांनी कितीतरी हेड खराब केले आहेत. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) फासायची सवयही तशीच. मुलामा दिलेल्या नव्या प्लगना त्याची गरज नसते, आणि ते लावल्यावर तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताण देतो. बूटच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवलं तर हरकत नाही, पुढच्या वेळी कॉइल सहज निघते.

बूट तडकलेले, कडक झालेले किंवा ऑइलने फुगलेले असतील तर याच वेळी बदला. बऱ्याच कॉइलचे बूट वेगळे मिळतात, अख्खी कॉइल घ्यावी लागत नाही.

एवढं करूनही थरथर उरली तर

उभ्या गाडीत मिसिंग आणि रेस केल्यावर साफ: बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरतेय, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि इनटेकचं गॅस्केट बघा. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच: बूट, वायर, कॉइलला गेलेला तडा. इंजिन तापल्यावरच, अर्ध्या तासाने: कॉइल. एकाच सिलिंडरमध्ये सतत, कॉइल-प्लग हलवूनही तिथेच: इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन मोजा. कॉम्प्रेशन कमी असेल तर प्लगच्या दुकानात पुन्हा जाऊ नका.

माझ्या गाडीत शेवटी टॅपेट कव्हरचं गॅस्केट, प्लगच्या खड्ड्यांचे सील, चार बूट आणि चार प्लग असा एकदम बदल केला. हजार किलोमीटरनंतर तीन नंबरचा प्लग पुन्हा काढून पाहिला. खड्डा कोरडा, सिरॅमिक पांढरं, टोक फिकट तपकिरी. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, म्हणून परत बसवताना अर्ध्या फेऱ्याऐवजी जेमतेम फेऱ्याचा बारावा भाग आवळला.